विहिणीच्या नावाची रिकामी जागा

आज सकाळी समोरच्या लिंबावर कर्णा चढला. वैशाख लागल्याची खूण आमच्या जळगावात पंचांगात शोधावी लागत नाही. कर्णा चढतो, कोणीतरी माईकवर फुंकर मारून "हॅलो, हॅलो" करतो, सुई तव्यावर घासून लांबलचक खरखर उठते आणि शेजारचं तान्हं दचकून रडायला लागतं. झाली लग्नसराई सुरू! तवा म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. पोळीचा तवा वेगळा, तो चुलीवर तापतो. या दिवसांत हाही काही कमी तापत नाही म्हणा.

मला हा मोसम अतोनात आवडतो. पाहुणे विचारतात, "जळगावचा उन्हाळा सोसता तरी कसा?" अहो, तो सोसायचा नसतो, बघायचा असतो! दुपारी केळीची पानं नव्या सुनेसारखी मान खाली घालतात. डांबर वितळतं आणि त्यात कोणाची ना कोणाची चप्पल अडकून राहते. मालक एका पायावर उभा राहून रस्त्याला शिव्या देतो. फुकटचा तमाशा. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून मी तास न् तास बघत बसते.

आणि मग येते आखाजी. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात आणि तो लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवून खायच्या आणि झोक्यावर बसून सासरच्यांचा उद्धार करायचा. पण आमच्या गल्लीच्या पलीकडे मारवाडी घरं आहेत. त्यांची ती आखातीज. त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही, म्हणून त्यांच्याकडे त्या दिवशी लग्नं. म्हणजे एकाच दिवशी इकडच्या गल्लीत लेकी येतात आणि तिकडच्या गल्लीतून लेकी जातात. एस्टी स्टँडवर उभं राहिलं तर एक हसत उतरताना दिसते, दुसरी रडत चढताना. जागा मात्र एकच. पहिलीची गरम झालेली जागा दुसरीला मिळते.

कर्ण्यातून आता सिनेमाची गाणी लागलीत. पूर्वी, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी, याच लिंबावरून एक वेगळंच गाणं वाजायचं. दिवसभर वाजायचं. आमचे हे कानात कापूस घालून बसायचे आणि कापसाच्या बाजारपेठेत राहतो म्हणून परवडतं म्हणायचे.

इहीण बाई, इहीण बाई, मांडोमा उनी
बठ्ठा लाडू खाई गयी, परात ठेवी सुनी
कोण उनी व माय, कोण उनी?
जमनाबाई उनी व माय, जमनाबाई उनी!

इहीण म्हणजे विहीण. ती मांडवात आली, सगळे लाडू खाऊन गेली, परात रिकामी ठेवली. कागदावर वाचलं तर यात काही नाही. पण पंगत बसलीय, वरपक्षाच्या बायका मानापानाने फुगून पाटावर बसल्यात आणि भिंतीच्या आडून आम्ही दहा-पंधरा जणी हे गाणं त्यांच्या अंगावर सोडतोय, असं डोळ्यांपुढे आणा. जिच्या नावाने सोडायचं तिचा घास हातातच राहतो. मग ती हसते. हसावंच लागतं. न हसणारी विहीण म्हणजे खडूस, तिच्यावर आणखी दोन कडवी.

या गाण्यांत एक जागा रिकामी असते. "कोण उनी?" विचारल्यावर जे नाव यायचं, ते दर लग्नाला निराळं. आज सरूबाई, उद्या पारूबाई. म्हणून गाण्याआधी कोणीतरी जानवशाला, म्हणजे वऱ्हाड उतरलेलं असतं तिथे, गोड बोलत जायचं आणि विहिणीचं नाव काढून आणायचं. हे काम माझं. माझ्यासारखा गोड चेहरा गल्लीत दुसरा नव्हता. गाऊन झालं, जेवणं झाली, विहिणीने हात धुतले की त्या पाण्याबरोबर शिवीही वाहून जायची. संध्याकाळी आम्ही तिच्याच मांडीला मांडी लावून विडा चघळायचो. असा हा धुवून निघणारा रंग.

तो पक्का केला गुलाबभाऊंनी.

गुलाबचंद हे त्यांचं नाव. आमच्या समोर, त्या लिंबाखालीच, त्यांचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, रिबिनी, कुंकू, केसांचे आकडे. मारवाडातून ते लहानपणी आले होते. ओळखीच्या कोणी व्यापाऱ्याने मदतीला आणलं आणि मग तो व्यापारी वारला, हे इथेच राहिले. दुकान शेजारच्या शेठजींच्या पेढ्यांपुढे अगदीच चिमुकलं. पण गिऱ्हाईक सगळं बायकांचं. बांगड्या भरताना बाई बोलते, गुणगुणते. हात त्याच्या हातात असतो, दुखत असतो, मग तोंड चालवायचं. तीस वर्षं गुलाबभाऊंनी खान्देशातल्या बायकांचे हात धरून त्यांची गाणी ऐकली. चोपड्याच्या बायकांची वेगळी, एरंडोलच्यांची वेगळी. ती भाषा त्यांच्या जिभेवर अशी बसली की खुद्द खेडुतांनी मान डोलवावी. हिशेब मारवाडीत, भांडण हिंदीत आणि गाणं आमच्या खान्देशीत, असा त्यांचा कारभार.

"अक्का," ते मला म्हणायचे, "ते कडवं परत म्हना ना." मी म्हणायची. ते डोळे मिटून काउंटरच्या काचेवर बोटं वाजवायचे. दुसऱ्या दिवशी तेच कडवं मला परत मिळायचं, पण धुऊन, इस्त्री करून. आमची गाणी त्यांनी चोरली, असं लोक म्हणतात. अर्धी आमची होती हे खरं. उरलेली अर्धी त्यांची होती आणि, जाऊ दे, सांगूनच टाकते, तीच जास्त चांगली होती.

बायको लवकर गेली. एकच मुलगी, केसर. बापलेक दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे. केसर बापाला भाकरी वाढायची आणि बाप तिला गाणं वाढायचा. तिला गाणी आवडत नसत. "बापू, मिठाला या," ती म्हणायची. म्हणजे जेवायला या. ती चुलीपुढून तीनदा हाक मारायची आणि हे काचेवर बोटं वाजवत बसायचे.

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस तव्यांच्या विक्रीसाठी आमच्याकडे फिरत असे. त्याच्या ध्यानात आलं की खान्देशात लग्नाला लोक मराठी तवे लावतात, हिंदी लावतात, पण आपल्या बोलीतलं एकही गाणं तव्यावर नाही. बाजार मोकळा. त्याला कोणीतरी गुलाबभाऊंचं दुकान दाखवलं. महिन्याभरात गुलाबभाऊ, मी आणि गल्लीतल्या दोघी मुंबईला. आमचे हे स्टेशनवर सोडायला आले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आमची ही आता तव्यावर भाजली जाणार."

त्या खोलीची मला अजून गंमत वाटते. भिंतींना गाद्या. होय, गाद्या! मी आधी समजले की कोणी वेडं माणूस कोंडायची खोली आहे. खिडकी नाही, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. मध्ये एक माईक, आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती तोंडं खुपसून, शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखी चिकटून उभी. बांगड्या काढायला लावल्या. मी म्हटलं, नवरा जिवंत आहे. काचेपलीकडचा साहेब म्हणाला, "मग निदान हात हलवू नका." आजवर हात न हलवता मी शिवी गायली नव्हती.

आणि मग तो घोळ झाला. गाणं "कोण उनी?" पर्यंत आलं आणि आम्ही सवयीने थांबलो.

"थांबलात का?" साहेबाने विचारलं.

"इथे नाव येतं," गुलाबभाऊ म्हणाले. "ज्याचं लगन, त्याच्या विहिणीचं."

"अहो, तवा छापायचाय. रिकामी जागा कशी छापणार? घाला एखादं नाव."

आता आली का पंचाईत! आम्ही तिघी एकदम ओरडलो, "आमचं घातलंत तर याद राखा!" सासवा-नणंदांची नावं आम्ही मोठ्या उदारपणे सुचवली, ती गुलाबभाऊंनी घेतली नाहीत. गिऱ्हाइकं तुटतील म्हणाले. डोळे मिटले, मांडीवर बोटं वाजवली आणि म्हणाले, "जमनाबाई."

"ही कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही, अक्का. सुरात बसते."

तीन मिनिटांत गाणं झालं. पुढच्या लग्नसराईत तवा आला. लाल कागदावर बारीक अक्षरांत त्यांचं नाव होतं, आमची नव्हती. आणि काय सांगू तुम्हाला! तो वैशाख म्हणजे नुसता धुमाकूळ. जळगावात, धुळ्यात, यावलच्या वाटेला, तापीच्या दोन्ही काठांना, जिथे मांडव तिथे जमनाबाई. आता जानवशाला जाऊन नाव विचारायची गरजच उरली नाही. विहीण कोणीही असो, तवा जमनाबाईलाच शिव्या घालायचा आणि सगळ्या विहिणी खूश! पहिल्यांदाच त्या स्वतःची टिंगल न होता पोटभर हसल्या. माझ्या मात्र पोटावर पाय आला. गोड चेहऱ्याला काम राहिलं नाही.

गावाने गुलाबभाऊंना डोक्यावर घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! गावाने त्यांचा चेंडू केला. पारावरचे आमचे भाऊबंद म्हणायचे, "हाऊ मारवाडी लोटा लई उना, आन् आमनी भाषा विकस." रिकामा लोटा घेऊन आला आणि आता आमची बोली विकतो. त्यांचे जातवाले त्याहून तिखट. बाजारात त्यांना पाहून एक शेठजी ढोलकी वाजवल्यासारखी पोटावर थाप मारायचे. वाण्याच्या पोटी भांड, म्हणजे सोंगाड्या, जन्मला म्हणायचे. बायकांच्या शिव्या जुळवणारा पुरुष! गुलाबभाऊ हसून नमस्कार करायचे. मग कर्ण्यातून गाणं लागलं की त्यांची मान हळूहळू वर व्हायची. मी समोरून बघायची ना. गाणं चालू असेतो तो माणूस उंच दिसायचा. तवा संपला की परत पाच फूट.

या सगळ्यात केसरचं लग्न अडलं. भुसावळचं स्थळ आलं, बघून गेलं, निरोप आला, मुलगी चांगली पण वडील गाणी करतात. चोपड्याचं आलं, तेही तसंच. वय वाढत चाललं. बिरादरीत कुजबुज सुरू झाली. केसर गोरीगोमटी, कामसू, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. एकदा दुकानात मी बसले असताना लिंबावर गाणं लागलं. तिने आतून येऊन कुंकवाची बरणी काउंटरवर अशी आदळली की टवका उडाला.

"अक्का, यांना सांगा," ती म्हणाली, "बंद करायला लावा ते. नाहीतर मला त्या तव्याशीच लावून द्या."

"बेटा, लोकांना आवडतं," गुलाबभाऊ म्हणाले.

"लोकांना आवडतं, पण लोक सून करून नेत नाहीत."

आणि अशात धुळ्याचं स्थळ आपणहून चालत आलं. मोठं घर, तेलाचा व्यापार, मुलगा एकुलता, सरळ. मागणं काही नाही. मुलगी पाहायलाही फक्त मुलाचे काका आले. मुलाच्या आईचाच आग्रह आहे म्हणाले, तिला हेच घर हवंय. गुलाबभाऊ हरखून गेले. माझ्यापुढे उभे राहून रडले. "अक्का, एक तरी घर निघालं ज्याला गाण्याची लाज नाही."

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. मारवाडी घरांत त्या काळी सोयऱ्याच्या बायकोचं नाव पुरुषाने विचारायचं नाही. नवरा घेत नाही, पत्रिकेत छापत नाहीत. बाई ज्या गावची, त्या गावच्या नावाने ओळखायची. मुलाची आई शिरपूरची, म्हणून ती शिरपूरवाली. बोलणी झाली, कुंकू लागलं, आखातीजेचा दिवस ठरला, आणि गुलाबभाऊंना विहिणीबद्दल एवढंच ठाऊक, की ती शिरपूरवाली आहे. साऱ्या खान्देशाच्या विहिणींना नाव देणाऱ्या माणसाने आपल्या विहिणीचं नाव विचारलं नव्हतं.

लग्न गोरज मुहूर्तावर, धर्मशाळेत. धुळ्याहून वऱ्हाडाची बस दुपारी आली. बाहेर आमच्या गल्लीत झोके करकरत होते, माहेरवाशिणी किंचाळत होत्या. गुलाबभाऊंनी मला बोलावून सांगितलं, "अक्का, आज तवा नको. माझ्या केसरच्या लग्नात जुन्या रिवाजाने होऊ द्या. विहिणीचं खरं नाव काढून आणा, तुम्ही समोर उभ्या राहून म्हणा."

माझा आनंद काय वर्णावा! गोड चेहरा धुऊनपुसून, कैरीच्या पन्ह्याची किटली घेऊन मी जानवशाला गेले. खोलीत बायका पंख्याने वारा घेत बसल्या होत्या. मी पन्हं वाटलं, प्रवासाची चौकशी केली आणि मग हळूच, "विहीणबाईंचं नाव काय म्हणायचं हो?"

खोलीत पंखे थांबले. एकीने तोंडाला पदर लावला. कोपऱ्यात एक बाई बसली होती, वाळल्या भेंडीसारखी, हाताच्या नुसत्या काड्या. तिने पन्ह्याला हात लावला नव्हता. तिने घुंगट मागे सारला.

"तुमले माहीत शे," ती म्हणाली. "बठ्ठा खान्देशले माहीत शे."

मी किटली खाली ठेवली.

मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली, तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. माहेरी आई हाक मारायची, ती गेल्यावर ते नाव तिचं तिलाही परकं झालं होतं. मग तवा आला. माहेरच्या एका भाचीने हसत हसत गल्लीत सांगितलं, आमची आत्या पण जमना! बस. दूधवाला दुधात माप बुडवता बुडवता गाणं म्हणायला लागला. कर्णेवाल्याने तिच्याच खिडकीकडे तोंड करून कर्णा बांधला. तिला पोटाचा आजार, अर्धा फुलका जेमतेम जातो. भावाच्या मुलीच्या लग्नात ती पंगतीला बसली आणि तवा लागला. तिने लाडू मोडलाही नव्हता. सगळ्या पंगतीने तिच्या ताटाकडे पाहिलं. ती उठली. तेव्हापासून ती कोणाच्या लग्नात जेवली नाही.

"मग तुम्ही ही मुलगी..." मी चाचरले.

"मी पोर नही देखी. मी गाणं देखं." तिने घुंगट पुन्हा ओढला. "फेरा व्हतीन. काही काळजी नही. आधी त्यासले सांगा, मांडोमा उभं राहीसन गाणं म्हना. एकच कडवं. मना नावनी जागावर पोरनं नाव."

मी निरोप घेऊन आले तेव्हा गुलाबभाऊ गुलाबी फेटा बांधून बुंदीच्या परातीपाशी उभे होते. ऐकलं, आणि फेट्याखालचा चेहरा पिठासारखा झाला. ते जानवशाकडे पळाले. उंबऱ्यात बसले, फेटा पायांशी ठेवला, म्हणाले माझं नाव घालतो, माझ्या बापाचं घालतो. आतून एकच उत्तर आलं, "गाणं बाईनं शे. नाव बाईनंच लागी."

परत आले तेव्हा केसर नवरीच्या वेषात बसली होती. तिला कोणीतरी सांगितलंच होतं. तिच्या हातावरची मेंदी अजून ओली होती, म्हणून तिने हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते, भीक मागितल्यासारखे.

"बेटा, तू म्हणशील तर वरात परत पाठवतो," गुलाबभाऊ म्हणाले.

"कुठे पाठवता? मग मला कुठे पाठवाल?" ती म्हणाली. "म्हणून टाका, बापू. परक्या बाईचं नाव घालताना अडखळला होता का?"

सूर्य कलला. मांडवात सगळी बिरादरी, भिंतीशी आमची गल्ली, फाटकात फुकटे बघे. नवरा मुलगा घोड्यावरून उतरून पाटावर आला होता, त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. कर्णेवाल्याने माईक गुलाबभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो नाग धरावा तसा धरला.

पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला लोकांना कळलं की काय चाललंय. "कोण उनी व माय, कोण उनी?" त्यांनी मान खाली घातली.

"केसरबाई उनी व माय, केसरबाई उनी."

आधी एक जण हसला. तोच, पोटावर थाप मारणारा शेठ. मग दुसरा. मग सगळा मांडव हसला, आणि काय सांगू, मीही हसले, कारण त्यांनी "केसर" वर जी हरकत घेतली होती ती जमनाबाईला कधी मिळाली नव्हती. नाव असं बसलं होतं जणू गाणं तिच्यासाठीच केलं होतं.

विहिणीने एकच कडवं मागितलं होतं.

गुलाबभाऊंची मान वर झाली. मी ती मान ओळखत होते. त्यांनी दुसरं कडवं धरलं, शालूत पुऱ्या लपवण्याचं. मांडव कोसळला. तिसरं धरलं, जिच्या वजनाने घोडा वाकतो ते. ज्या बिरादरीने त्यांना इतकी वर्षं भांड म्हटलं, ती मांड्या थोपटत होती, "वा गुलाबचंद, वा!" ओरडत होती. कर्णेवाला टाळ्या वाजवत होता. गुलाबभाऊंना आता मांडव दिसत नव्हता, विहीण दिसत नव्हती, मुलगी दिसत नव्हती. बोटं माईकच्या दांड्यावर वाजत होती. डोळे मिटले आणि एक नवंच कडवं, कधी न ऐकलेलं, तिथल्या तिथे त्यांच्या तोंडून आलं.

केसरबाई, केसरबाई, सासरी चालनी
बांधीसन पदरी बापना घरनं मीठ लई चालनी!

बापाच्या घरचं मीठसुद्धा पदरात बांधून चालली! अहो, हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात घुंगटाआडून शिरपूरवालीचा आवाज आला. "बस करा आते." कोणी ऐकलं नाही. ती उठून उभी राहिली आणि तिने माईकची तार हिसकली. "बस करा म्हन्ते ना!"

केसर समोर बघत होती. तिच्या हातावरची मेंदी वाळून काळी पडली होती.

फेरे झाले. लग्न मोडलं नाही, उलट चांगलं चाललं. सासू-सुनेचं इतकं जमलं की धुळ्यात उदाहरण देत. का जमणार नाही? दोघींचा राग एकाच माणसावर! जमनाबाई सुनेला स्वतःच्या हाताने वाढायच्या आणि ती जेवेपर्यंत खिडक्या लावून घ्यायच्या. कारण पुढच्या सालात दुसरा तवा आला होता. त्यात केसर आहे, मीठ आहे, आणि कोरस नीट ऐकलात तर डावीकडचा तो गोड आवाज माझा. धुळ्याच्या गल्लीतली पोरं केसरच्या मागे लागायची आणि तिला चोट्टी म्हणायची. आखाजीला ती माहेरी आली नाही, कधीच नाही. मी एकदा धुळ्याला गेले असताना जमनाबाईंनीच तिला म्हटलं, "जाय ना बेटा, बाप शे." केसर चहात साखर घालत होती. तिने ढवळणं थांबवलं नाही. मलाही तिने चहा दिला, चांगला दिला, आणि आत निघून गेली.

तिला चोट्टी का म्हणत, ते तेवढं राहिलं. कडव्यात तर मीठ बांधून नेलं होतं, चोरून नव्हे. ते असं झालं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर समोर दुकान उघडं. मला वाटलं, म्हातारा एकटा रडत असेल. मी चहा घेऊन गेले. गुलाबभाऊ कालच्याच गुलाबी फेट्यात काउंटरमागे बसले होते. डोळे लाल होते. मागच्या खोलीत चूल पेटली नव्हती. मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अक्का, चौथं कडवं ऐकलं ना? रातभर एका शब्दावर अडकलोय." त्यांनी काचेवर बोटं वाजवली, एकदा, पुन्हा एकदा. "'बांधीसन'नी जागावर 'चोरीसन' कसं वाटस?"

मी मनातल्या मनात दोन्ही म्हणून पाहिलं.

"चोरीसन," मी म्हटलं. "चोरीसनच ठेवा."